नवरीचं नाव कुणी विचारत नाही

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, गर्दीबद्दल कुरकुरू नये म्हणतात. मी कुरकुरणार. लग्न लागतं त्या संमती कट्ट्यापासून आम्ही इतके लांब होतो की नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची नुसती टोकं दिसली आणि माझ्या अक्षता पुढच्या काकांच्या टोपीवर पडल्या.

यात्रेत दरवर्षी लावतात ते लग्न बाराव्या शतकातलं. कुंभाराच्या पोरीने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते विरक्त, म्हणून त्यांच्या योगदंडाशी लावून दिलं, अशी कथा. दुसऱ्या दिवशी रात्री होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून अग्नी देतात. नवरी सती गेली ना! तिचं नाव काय, म्हणून चारचौघांना विचारलं. "कुंभारकन्या की हो!" अख्खं गाव वऱ्हाडी, आणि नवरीला नाव नाही. माझं डोकंच फिरलं.

किल्ला, तलाव, शेंगाचटणीची खरेदी उरकली. मग रिक्षावाल्याला शहराजवळच्या कुंभारी गावाला चल म्हटलं, तर म्हणाला, "तिथं काय बघणार?"

तिथे गोदूताई परुळेकर वसाहत आहे. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताईंच्या नावाची, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. सोलापूर म्हटलं की चादर आणि गिरण्यांची धुराडी सांगतात. पण गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा कित्येक घरांची चूल बायकांच्या मांडीवरच्या विड्यांच्या सुपाने पेटती ठेवली, हे कोण सांगतं?

एका ओसरीवर अक्का बसल्या होत्या. तेलुगू वळणाची मराठी, समोर टीव्हीवर मालिका. भिजवलेल्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक नखाने दाबायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं मालिकेवरची नजर न हलवता! मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात तपासताना वाकड्यातिकड्या निघाल्या की ती छाट, तिचा पैसा नाही. या सुपावर दोन पोरी पदवीधर झाल्या, हे त्यांनी जाहिराती लागल्यावर सांगितलं.

मला हौस. एक वळून बघितली. अक्कांनी ती उलगडली, तंबाखू सुपात झटकली आणि फाटकं पान माझ्यासमोर धरलं.

"कारखान्याचं पान कमी भरलं तर माझेच पैसे कापतेत. तुम्ही आपला चहा घ्या."