सरांचा फळा आणि सरकारी वकील चंद्रचूड

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि आमचे नागरिकशास्त्राचे सर आठवले. यशवंत विष्णू चंद्रचूड आपल्या नूमविचे, म्हणजे पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयाचे, हे सगळेच अभिमानाने सांगतात. २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५, इतका काळ सरन्यायाधीशपदी दुसरे कोणी राहिलेले नाही. सर मात्र सुरुवात करत १९५८ पासून, चंद्रचूड मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकील झाले तिथून.

नानावटी खटल्याचा तास वर्गातल्या प्रत्येकाला आठवत असेल. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घालून ठार केले, तो हा खटला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने ‘दोषी नाही’ म्हटले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तिथे राज्याची बाजू चंद्रचूडांनी मांडली.

सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे वेळ, उजवीकडे पुरावा. नानावटींनी दीड वाजता घर सोडले. बायको-मुलांना सिनेमाला पोचवले. जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. आहुजांच्या कार्यालयात चौकशी. चार वीसला आहुजांचा फ्लॅट. अचानक प्रक्षोभ म्हणायचा, तर मधले जवळजवळ तीन तास आड येतात. झटापटीत गोळी सुटली म्हणायची, तर आहुजांच्या अंगावरचा टॉवेल जागेवरच होता. आणि अपघात होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, हेच ज्यूरीला नीट समजावले गेले नव्हते. ज्यूरीचा कौल त्यामुळे टिकला नाही. मार्च १९६० मध्ये जन्मठेप झाली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सर म्हणत, सरकारी वकिलाने आवाज चढवायचा नसतो, कागद लावायचे असतात. आज कोर्टात उभे राहणाऱ्या आमच्यापैकी कित्येकांची टिपणे अजून तशीच दोन रकान्यांत असतात.

१९६१ मध्ये चंद्रचूड न्यायमूर्ती झाले, १९७२ मध्ये दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेले. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना सुटकेसाठी न्यायालयात जाता येणार नाही, असे ठरवणाऱ्या बंदी-प्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस) निकालात ते बहुमतासोबत गेले, याचे सरांना फार दुःख होते. २०१७ मध्ये त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनीच तो निकाल चुकीचा ठरवला. सरांना हे पाहायला मिळायला हवे होते. पण यशवंत चंद्रचूडांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी दिलेला मुंबईच्या फुटपाथवासीयांचा निकाल पाहा. दुष्काळामुळे सेलमहून आलेला, दहिसरच्या रासायनिक कारखान्यात रोज २३ रुपयांवर राबणारा मजूर त्यात आधी येतो, जगण्याचा हक्क देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद २१ आणि उपजीविकेचा हक्क नंतर. माझ्या मते हा उजवा रकाना भरण्याच्या सवयीचाच परिणाम.

आता दहावीला राज्यशास्त्र इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेच्या शेपटाला जोडलेले असते. असा सबंध तास एका खटल्याला कोण देणार? शाळेला एकच विनंती. नानावटी निकालाची प्रत ग्रंथालयात नववी-दहावीच्या कपाटात ठेवा: ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर, निकालांचा संग्रह) १९६२, सर्वोच्च न्यायालय, पान ६०५.