बाकाने काय गुन्हा केला?

आठवीत पत्रलेखनाच्या तासाला बाईंनी विषय दिला होता: वर्गातला बाक मोडला आहे, मुख्याध्यापकांना विनंतीपत्र लिहा. मी लिहिलं, 'प्लीज डू ॲक्शन अगेन्स्ट द ब्रोकन बेंच.' वही परत आली तेव्हा 'डू' खोडून वर 'टेक' लिहिलं होतं आणि 'अगेन्स्ट'भोवती पेन्सिलीचा गोल होता. बाईंनी जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाकाने काय गुन्हा केला रे?"

मग उरलेला तास त्या दोन शब्दांवरच गेला. आपण कारवाई 'करतो', इंग्रजीत ॲक्शन 'घेतात'. आपण पावलं उचलतो, तिथे 'टेक स्टेप्स'. उलट आपण मेहनत घेतो म्हणून सर्रास 'टेक एफर्ट्स' लिहितो; हवं असतं 'मेक एफर्ट्स'. नामाबरोबर त्याचं क्रियापदही पाठ करा, मराठीवरून जुळवू नका, हे त्यांनी आम्हाला वर्षभर बजावलं. आणि 'टेक ॲक्शन'मध्ये 'ॲन' घुसवायचा नाही, 'ॲक्शन्स'ही करायचं नाही. स्टेप्स मोजता येतात, ही ॲक्शन मोजायची नसते.

'अगेन्स्ट' कुणासाठी? दोषी माणसासाठी, किंवा भ्रष्टाचारासारख्या गोष्टीसाठी, जिच्याविरुद्ध उभं राहायचं आहे. तक्रार, अहवाल, सूचना यांच्यासाठी 'ऑन'. फळ्यावर त्यांनी शेजारी मराठी लिहिलं: दोषीवर कारवाई, अर्जावर कार्यवाही. माझ्याच भाषेतला हा फरक मला इंग्रजीच्या तासाला कळला, याचं अजून अप्रूप वाटतं.

शेवटी 'टू' जोडून वाक्य पुरं करायला लावलं: 'टेक ॲक्शन टू रिपेअर द बेंच.' ते झाल्यावर म्हणाल्या, "आता याहून सरळ लिही." मी लिहिलं, 'प्लीज गेट द बेंच रिपेअर्ड.' बाईंनी त्याखाली बरोबरची खूण केली. 'टेक ॲक्शन' गेलंच होतं, आणि पत्र पहिल्यांदा कामाचं झालं होतं.

आज माझं निम्मं काम पत्रव्यवहाराचं आहे. परवा एका नव्या सहकाऱ्याने मसुदा आणला: 'वी विल टेक नेसेसरी ॲक्शन अगेन्स्ट युअर कम्प्लेंट.' तक्रार करणाऱ्याने हे वाचलं असतं तर तो धास्तावलाच असता. मी 'अगेन्स्ट'भोवती पेन्सिलीने गोल केला, त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, "नेमकं काय करणार आहोत आपण?"