ट्रॅकवर गाडी लागली तेव्हा

मला आजवर कधी गाडी लागली नव्हती. बसमध्ये मागच्या सीटवर बसून पुस्तक वाचणारी मी. त्यामुळे ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवायला मिळते त्या दिवशी, जाताना हेल्मेट कुठलं, ब्रेक किती टिकतील, टायर कसे आहेत, सगळ्याचा विचार केला, पण पोटाचा केला नाही.

सकाळचं पहिलं सेशन मी स्वतः चालवलं. वीस मिनिटं, शेजारी इन्स्ट्रक्टर. उतरले तेव्हा हात थरथरत होते, पण मळमळीचं नावही नव्हतं. मग इन्स्ट्रक्टर म्हणाले, "आता तुम्ही बाजूला बसा, मी लाइन दाखवतो, म्हणजे वळणातून गाडी कुठून न्यायची ते." तीच गाडी आणि तोच ट्रॅक, फक्त सीट बदलली.

दुसऱ्या लॅपपर्यंत, म्हणजे ट्रॅकच्या दुसऱ्या फेरीपर्यंत, मजा येत होती. तिसऱ्या लॅपला जांभई आली. एवढ्या वेगात जांभई कशी येते, याचं मला नवल वाटलं, पण तीच पहिली खूण होती. मग तोंडाला पाणी सुटायला लागलं आणि हेल्मेटच्या पॅडिंगखाली कपाळ गार पडलं. हेअरपिनच्या, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणाच्या, आधी जोराचा ब्रेक लागला की माझा उजवा पाय आपोआप फ्लोअरवर दाबला जायचा. पुढच्या वळणाला अंग एकीकडे, डोकं दुसरीकडे. पाचव्या लॅपला घशाशी आलं. मी हात वर केला, पण त्यांना वाटलं, मला मजा येतेय. आधी खूण ठरलेलीच नव्हती! पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथे, येईपर्यंत आणखी एक पूर्ण लॅप गेला. हेल्मेट काढून भिंतीपर्यंत कशीबशी पोचले आणि तिथेच उलटी झाली. पुढचा तासभर गरगरत होतं.

नंतर आठवून पाहिलं तेव्हा माझी चूक लक्षात आली. शिकायचं म्हणून मी सगळा वेळ त्यांच्या हातांकडे, पायांकडे आणि डॅशवरच्या लॅप टायमरकडे बघत होते. डोळ्यांसमोर गाडीचा आतला भाग, म्हणजे स्थिर चित्र. कान मात्र वेगळंच सांगत होता. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं फिरल्याचं टिपतात. शिवाय कॅल्शियमचे बारीक कण असलेली दोन इंद्रियं असतात, त्यांना वेग वाढल्या-घटल्याचं आणि कलल्याचं कळतं. साधारण ८० मीटर त्रिज्येच्या वळणावर १०० किलोमीटरच्या वेगाने गेलं, तर बाजूला ओढणारं बल जवळजवळ आपल्या वजनाइतकं होतं. हे बल आणि गुरुत्वाकर्षण मिळून कानाला वाटतं की आपण ४५ अंशांत कललोय. डोळे म्हणतात, सगळं सरळ आहे. या भांडणातून मळमळ सुरू होते. त्यात हेलकाव्याची लय भर घालते. पाच सेकंदांना एक या सुमाराचा संथ हेलकावा माणसाला सर्वांत जास्त लागतो, हे जहाजांसाठी केलेल्या अभ्यासातून दिसलेलं आहे. एकामागून एक डावी-उजवी वळणं आली की गाडीही बऱ्याचदा त्याच्या आसपासच्या लयीत झुलते.

चालवणाऱ्याला हे का होत नाही? पुढच्या क्षणी काय होणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. स्टिअरिंग वळवण्याआधीच त्याची नजर वळणाच्या आत गेलेली असते आणि डोकंही आत कललेलं असतं. शेजारच्याचं डोकं बाहेर फेकलं जातं. म्हणून बाजूला बसूनही चालवणाऱ्यासारखं वागायचं. हे कळलं तेव्हा संध्याकाळी पुन्हा बसायचं मी ठरवलं.

यावेळी नजर वळणाच्या टोकाकडे, शक्य तितकी लांब ठेवली. वळण यायच्या आधीच डोकं किंचित आत कलवलं. दोन्ही पाय फ्लोअरवर घट्ट रोवले, हार्नेस, म्हणजे सीटचा पट्टा, कंबरेशी नीट आवळून घेतला आणि ब्रेक कुठे लागणार ते मनातल्या मनात म्हणत गेले. फोन पिटमध्येच ठेवला. चार लॅप झाल्यावर, पोट ठीक असतानाच, ठरलेली खूण केली आणि आत आलो. थोडी मळमळ होती, पण पाच मिनिटांत गेली.

तुम्ही जाणार असाल तर सर्वांत आधी ही खूण ठरवा. हेल्मेट आणि आवाजामुळे बोलणं ऐकू येत नाही. चालवणाऱ्याच्या मांडीवर दोन थापा म्हणजे 'आता आत चल', एवढं पुरे. जांभई आली, तोंडाला पाणी सुटलं किंवा गार घाम आला की लगेच खूण करा, पुढच्या लॅपची वाट बघू नका. फुल-फेस हेल्मेटमध्ये उलटी होणं धोक्याचं असतं, श्वास अडकू शकतो. आणि काहीही झालं तरी ट्रॅकच्या मधे गाडी थांबवायला सांगू नका. वेग कमी करून, ट्रॅकच्या नियमाप्रमाणे इशारा देऊन पिटमध्येच यायचं.

पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. दोन तास आधी हलकं काही खा आणि दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा, कारण हेल्मेट आणि सूटमध्ये घाम फार जातो. रात्रीची झोप मोडली असेल, तर त्या दिवशी बाजूला बसणं टाळा.

गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधीच घ्याव्या लागतात, नंतर फारसा उपयोग होत नाही. त्यातल्या बहुतेकांनी झोप येते, म्हणून गोळी घेतली असेल तर त्या दिवशी ट्रॅकवर स्वतः चालवू नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

मळमळीबरोबर डोकं दुखायला लागलं आणि चालवणाऱ्यालाही तसंच होत असेल, तर एग्झॉस्टचा धूर आत येत असण्याची शक्यता धरा. ताबडतोब गाडीबाहेर मोकळ्या हवेत जा. गरगरणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, ऐकू कमी यायला लागलं किंवा डोक्याला मार बसला असेल, तर डॉक्टरकडे जा.

एक विनंती चालवणाऱ्यांना. शेजारी नवा माणूस असेल तर पहिला लॅप हळू घ्या, ब्रेक एकदम मारू नका, स्टिअरिंगला झटके देऊ नका. आणि परतीच्या वाटेवर, ज्याला उलटी झाली त्याला मागे बसवू नका. मी पुढे बसले होते, खिडकी अर्धी उघडी होती आणि नजर रस्त्यावर. घर येईपर्यंत बरं वाटायला लागलं होतं.