बर्डीची एक फेरी, साडेसहाशे रुपये आणि चुकीचा बोर्ड

काटोलकडील संत्र्याच्या बागेत बॅटरीवर चालणारा ओलावामापक बसवायचा असल्याने मला एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) कंपनीच्या एसटीएम32एल053 या मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एका चिपमधील छोट्या संगणकाचा, इव्हॅल्युएशन बोर्ड (चिप आजमावून पाहण्याचा तयार बोर्ड) हवा होता, आणि तो नागपुरातच मिळेल या खात्रीने मी मे महिन्यातील एका दुपारी लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डी गाठली. मेट्रोतील गारव्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. बर्डीवर (सीताबर्डीत) मोदी नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत चार दुकाने पालथी घातल्यावर पाचव्या दुकानात माझ्यापुढे ‘ब्ल्यू पिल’ हा छोटा निळा बोर्ड ठेवण्यात आला. त्याच्यावर एसटीएम32 घराण्यातलीच पण एफ103 ही निराळी चिप असते, असे मी म्हटले, तेव्हा काउंटरवरील गृहस्थ उत्तरले, “एकच घराणं आहे भाऊ, चालून जाते.” उन्हाने डोके इतके तापले होते की वाद न घालता मी 650 रुपये मोजले.

घरी आल्यावर एसटी-लिंक (चिपमध्ये प्रोग्राम टाकणारे व तपासणारे उपकरण, म्हणजे डीबगर) जोडून ओपनओसीडी हे त्याच्याशी बोलणारे सॉफ्टवेअर चालवले, तर 1बीए01477 या अपेक्षित ओळख-क्रमांकाऐवजी 2बीए01477 आला. म्हणजे पाठीवर छाप एसटीचा आणि आत दुसऱ्याच कोणाची तरी चिप. (एसटीच्याच एफ4 या दुसऱ्या मालिकेत 2बीए01477 हा क्रमांक योग्य असतो, एफ103मध्ये नव्हे.) सुरुवातीला 1 आला म्हणून चिप अस्सल ठरत नाही, पण 2 आल्यास ती नकली असल्याविषयी शंकेला जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी परत नेल्यावर ‘प्रोग्राम टाकलेला माल’ परत घेत नाही, असे सांगण्यात आले. ही फसवणूकच होती, आणि ती मी पैसे मोजून विकत घेतली होती.

चिप अस्सल निघाली असती तरी तिचा उपयोग नव्हता, हे मला आधीच कळायला हवे होते. स्टॉप अवस्थेत, म्हणजे चिप झोपलेली असताना, एफ103 सुमारे 14 मायक्रोअँपिअर घेते, तर एल053 घड्याळ चालू ठेवूनही 0.8च्या आसपास, शिवाय ब्ल्यू पिलवरील वीजदर्शक दिवा सतत जळत असल्याने माझ्या मीटरवर काटकसरीचा पत्ताच लागेना. तेव्हा बॅटरीचे आयुष्य मोजायचे असेल तर ब्ल्यू पिल अजिबात घेऊ नये. शिकण्यासाठी घ्यायचीच असेल, तर लॅपटॉप आणि एसटी-लिंक सोबत नेऊन काउंटरवरच क्रमांक वाचावा आणि दुकानदार तयार नसेल तर निमूटपणे बाहेर पडावे.

शेवटी अधिकृत वितरकाकडून न्यूक्लिओ-एल053आर8 हा एल053 चिपचा एसटीचा बोर्ड मागवला, तो आठवडाभरात घरपोच आला. त्याच्यावर एसटी-लिंक मुळातच असतो, आणि जेपी6 हा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून तेथे अँपिअरमीटर जोडला की फक्त मायक्रोकंट्रोलरचा प्रवाह मोजता येतो. मात्र मीटर मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर असताना चिप जागी झाली की मीटरमध्येच व्होल्टेज पडते आणि ती रीसेट होते; माझी एक अख्खी रात्र प्रोग्राममध्ये दोष शोधण्यात गेली. डीबगरने प्रोग्राम टाकल्यावर सत्र बंद करून बोर्डाची वीज एकदा काढून पुन्हा द्यावी, अन्यथा आकडा फुगलेला दिसू शकतो. सिरीयलवर (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर) चालणारा सेन्सर आणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की डी0 आणि डी1 या पिना मुळात जोडलेल्या नसतात, कारण ते सिरीयल पोर्ट एसटी-लिंककडे वळवलेले असते. बोर्डाच्या पाठीवरील सोल्डर-ब्रिज (डाग देऊन जोडायच्या किंवा तोडायच्या जागा) बदलण्याची तयारी नसेल तर दुसरे पोर्ट वापरावे.