चेन की गिअर? उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आमच्या वर्कशॉपनं विकलेला पहिला टायमिंग गिअर तिसऱ्या दिवशी परत आला. इंजिनात पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँक, आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम. क्रँकवरून कॅम फिरवायचा तो या गिअरनं, नाहीतर चेननं. गारगोटीचा वडापवाला होता, म्हणजे जीपमधून सीटवर प्रवासी वाहणारा. जीप कोपऱ्यावरून वळायच्या आधीच तिचा आवाज पोचला, आणि आण्णांनी लेथ बंद केली. खाली उतरून त्यानं एवढंच विचारलं, "आण्णा, गिअर दिलाय का भोंगा?"

तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची एक लेथ, एक मिलिंग आणि भाड्याचा गाळा होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याआधी ऑइल इंजिनच्या कारखान्यात टर्नर. स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून बाहेर पडले आणि मिळेल ते काम घेऊ लागले. पंपाचे शाफ्ट, चरकाचे बुश, उसाच्या ट्रॉलीच्या पिना. त्यात वडापच्या जीपगाड्या आल्या.

महिंद्राच्या त्या पेट्रोल जीपमध्ये हरिकेन इंजिन असायचं, 134 क्यूबिक इंच, म्हणजे साधारण 2.2 लिटर. क्रँकवरचा गिअर पोलादी आणि कॅमवरचा फायबरचा. उद्यमनगरात त्याला सरळ हायलमचा म्हणतात. कापडाचे थर राळेत दाबून केलेला, दात तिरके. गाडी शांत चालावी म्हणून कंपनीनं तो तसा केलेला. पण वडापच्या जीपमध्ये आत बारा, मागे लटकलेले चार आणि टपावर कोंबड्यांची डालगी. तेलही वेळेवर बदललेलं नसायचं. गिअरवर तेल मारणारं बारीक भोक चोंदलं की हायलमचे दात सुकत, आणि एक दिवस घाटात तीन-चार दात सोलून निघत. इंजिन जागेवर बंद.

आण्णांचा हिशेब साधा होता. हायलम तुटतं, मग पोलाद घाला. मिलिंगवर दात सारख्या अंतरावर पाडणारं डिव्हायडिंग हेड लावून त्यांनी ईएन 353 या पोलादाचा गिअर कापला, बाहेरून हार्डनिंग करून आणला आणि बसवला. चूक दोन ठिकाणी होती. हार्डनिंगच्या उष्णतेत दात किंचित वाकडे होतात. ते नंतर ग्राइंड करावे लागतात, आणि आमच्याकडे गिअर ग्राइंडर नव्हता. दुसरी चूक आम्हाला फार उशिरा कळली. क्रँक एकसारखा फिरत नाही. प्रत्येक सिलिंडर पेटला की त्याला झटका बसतो. हायलम तो झटका थोडा गिळतं. पोलादावर पोलाद आलं की तो सरळ कॅमपर्यंत, तिथून व्हॉल्व्हपर्यंत जातो, आणि दात एकमेकांवर आपटत राहतात.

गारगोटीवाल्याला नवा हायलमचा गिअर फुकट बसवून दिला. त्या महिन्यात घरखर्च आईच्या शिवणकामावर चालला.

त्यानंतर आण्णांनी हायलमच नीट करायचं ठरवलं. पुण्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून गिअरचे दात कापायचं जुनं हॉबिंग मशीन आणलं. ते ट्रकमधून उतरवताना अर्धं उद्यमनगर मदतीला आलं होतं आणि उरलेलं अर्धं नावं ठेवायला. पहिली दहा-बारा ब्लँक, म्हणजे दात न कापलेल्या चकत्या, वाया गेली, कारण हायलम कापताना दाताची कड चिरते. मागे लाकडाची फळी लावून कापायची युक्ती आमच्या फोरमनची. त्यांना सगळे मामा म्हणतात, आम्हीही.

धंदा जरा बसला तोवर वडापवाल्यांनी पेट्रोल इंजिनं काढून डिझेल टाकायला सुरुवात केली. हरिकेन इंजिनं भंगारात किलोवर गेली. आमचं हॉबिंग मशीन दोन वर्षं जवळजवळ झाकूनच होतं. पोट भरलं ते बोअरिंगच्या कामावर, आणि टॅक्सीच्या अ‍ॅम्बेसेडरवर. चेनशी आमची खरी ओळख तिथं झाली.

अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात दुपदरी टायमिंग चेन होती. ती म्हातारी झाली की पुढच्या कव्हरच्या आतून खुळखुळ ऐकू यायची. गिऱ्हाईक म्हणतं चेन ताणली. पोलाद ताणत नाही हो, पिना झिजतात. पन्नास-बावन्न कड्यांत प्रत्येक पिनेपाशी एक शतांश मिलिमीटर झीज धरली, तरी चेन अर्ध्या मिलिमीटरनं लांबते. मग कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि चढावर गाडी दमते. आणि झीज तशीच वाढत जाऊन चेन एक दात उडाली तर? कॅमच्या चाकाला 40 दात असतील तर एका दाताला कॅमचे 9 अंश, म्हणजे क्रँकचे 18. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून दुप्पट.

पण टॅक्सीवाले कधी भोंग्याची तक्रार घेऊन आले नाहीत. चेन मेली तरी आधी महिनोन् महिने खुळखुळून सांगते. गिअर बनवणाऱ्या माणसानं चेनचं कौतुक करावं हे आण्णांना आवडायचं नाही. मी मात्र तेव्हापासून चेनच्या बाजूचा.

जुन्या जीप हौसेनं बांधणारी मंडळी पुढं आली आणि हॉबिंग मशीनवरचं कापड निघालं. याच काळात मी एक फजिती केली. एकानं युद्धकाळातली विलीज आणली. त्या सुरुवातीच्या इंजिनांत गिअर नव्हे, चेन होती. गिअर नंतर आले. चेन मिळेना, म्हणून मी भंगारातल्या हरिकेनच्या मालातून मार्ग काढू म्हणालो. कॅम गिअरचा टाकला, गिअर नवे कापले, सगळं छान जुळलं. शेवटी जुना तेलपंप बसवायला घेतला तर पंपाचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, कॅमच्या दातांत उतरेना. मी हातोडी मागितली. मामांनी ती दिली नाही. म्हणाले, "आधी कॅम कुठल्या बाजूला फिरतोय ते बघ."

चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेनं फिरतो. दोन गिअर एकमेकांत घातले की उलटा. म्हणून गिअरच्या कॅमवर पंपाच्या दातांचा तिरकेपणाही उलटा, आणि पंप वेगळा. मी ठोकून बसवला असता तर तेलाचा दाब न येता नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी चिकटलं असतं. त्या दिवसापासून आमच्या जॉबकार्डवर पहिली ओळ छापलेली आहे: कॅमची दिशा.

हेच पुण्याच्या एका इम्पालावाल्याला समजावताना माझी दुपार गेली. शेवरलेचं छोट्या ब्लॉकचं व्ही-8. त्याला अमेरिकेत मिळतो तसा गिअर ड्राइव्ह हवा होता, मधे आयडलर, म्हणजे दोघांना जोडणारा जादा गिअर, असलेला. आयडलर लागतोच, नाहीतर कॅम उलटा फिरेल. खरं तर त्याला गिअर नको होता, गिअरची शीळ हवी होती. रेसच्या गाडीसारखी. मी कव्हर खोललं तर कंपनीच्या कॅमच्या चाकावर नायलॉनचे दात होते, तेही आवाज कमी करायलाच, आणि त्यातले काही तुटून खाली तेलाच्या सम्पमध्ये, पंपाच्या जाळीपाशी जमलेले. बारीक लोण्याच्या गोळीसारखे. शिळेवरून आमचं थोडं वाजलं, पण शेवटी पोलादी चाकांची दुपदरी रोलर चेन बसवली. माझ्या वर्कशॉपला त्यात गिअरपेक्षा पुष्कळच कमी पैसे सुटले, हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मग आपण नेमकं विकतो काय?"

आता स्विफ्ट डिझेलवाली पोरं येतात. 1.3 मल्टिजेट, सकाळी थंड इंजिनला चेनची खडखड. यालाही गिअर बनवा की, म्हणतात. जीपमध्ये कॅम क्रँकला खेटून बसलेला असतो, दोन गिअरांत भागतं. इथं कॅम वर हेडमध्ये. मधे तीन-चार गिअर लागतील, प्रत्येक जोडीतली फट बेरीज होत जाणार, आणि हेड एकदा प्लेन केलं की अंतरच बदलणार. होंडानं व्हीएफआर मोटरसायकलला वरचे कॅम गिअरवर चालवून दाखवले. 2002 च्या मॉडेलला तीही चेनवर आली. त्या पोरांना मी सांगतो, चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल वेळेवर बदला, आणि खडखड दोन-तीन सेकंदांवर जाऊ लागली की चेन, टेन्शनर, गाइड सगळा संच एकदम बदला.

ट्रॅक्टर-ट्रकचं वेगळं. तिथं डिझेलचा पंपही फिरवायचा असतो, वेग कमी, आवाजाचं कुणाला काही नाही. तिथं गिअरच.

मागच्या आठवड्यात म्हापशाहून एक हरिकेनचा ब्लॉक आला. कुणीतरी आधी मेन बेअरिंगची, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या भोकांची, लाइन बोअर केलेली आहे आणि क्रँक कॅमच्या दिशेनं पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश, सरकलाय. दातांच्या बाजूंना 20 अंशांचा कल आहे, त्यामुळे दातांमधली साडेतीन थाऊ फट त्यानं खाल्ली, म्हणजे बाजारचा गिअर घातला तर दात अडकूनच फिरतील. चेन असती तर तेवढं टेन्शनरनं खपवून घेतलं असतं. मामा आता सत्तरीचे आहेत, पण डायल लावून अंतर त्यांनीच मोजलं. दात किंचित बारीक ठेवून हायलमचा गिअर कापायला घेतलाय. मागे फळी लावली आहे. गोव्याच्या मालकांचा रोज फोन येतो. त्यांना शनिवार सांगितलाय, होईल बहुतेक सोमवार.