दापोलीची लाल माती आणि आमचं रुसलेलं कलम

वाघोलीला आमचा छोटा प्लॉट आहे, तिथे आईने नऊ वर्षांपूर्वी हापूसचं कलम लावलंय आणि आजवर त्याला आलेल्या आंब्यांची एकूण संख्या आहे तीन. नर्सरीवाला तेव्हा छातीठोकपणे "ओरिजिनल रत्नागिरी" म्हणाला होता. त्यामुळे डिसेंबरात दापोलीच्या आत्तेभावाचा फोन आला, "ये की चार दिवस", तेव्हा मी समुद्रापेक्षा त्याची माती बघायलाच निघालो असं म्हटलं तरी चालेल. बायको म्हणाली, आंबे नसताना कोकणात जाणारा तू पहिलाच.

पौड, मुळशी, ताम्हिणी. मुळशीच्या पुढेच रस्त्याकडेची माती तांबूस व्हायला लागते, आणि घाट उतरून माणगाव मागे पडलं, मंडणगडचा चढ लागला की रस्त्यासाठी कापलेल्या दरडी एकदम विटेसारख्या लाल. पोराने विचारलं, बाबा इथे रंग दिलाय का?

गंमत म्हणजे आपल्या पुण्याची काळी माती आणि ही लाल माती, दोघींचा बाप एकच, तोच सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. फरक केला पावसाने. पुण्यात वर्षाला 700-750 मिलीमीटर पडतो, इथे 3000 च्या वर. एवढं पाणी लाखो वर्षं खडकातून मुरत राहिलं की चुना, पोटॅश, सिलिका सगळं धुऊन जातं आणि मागे उरतं लोखंड नि ॲल्युमिनियम, लोखंडाला गंज चढला की लाल रंग. तोच जांभा दगड. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून चुना जमिनीतच राहतो, माती चिकट होते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल.

दुसऱ्या दिवशी भावाने सड्यावर नेलं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार, वरून काळपट कातळ, पिवळं वाळलेलं गवत, माती नावाला नाही. आणि त्याच कातळात त्याची बाग! मीटरभर लांब, रुंद, खोल असा खड्डा फोडायचा, बाहेरून माती आणून शेणखताबरोबर भरायची आणि कलम लावायचं, दोन झाडांत दहा-दहा मीटर अंतर. मी म्हटलं एवढा खटाटोप कशाला, खाली सपाट जमीन आहे की. तर तो हसला. "अरे आंब्याला पाय ओले चालत नाहीत. इथे कितीही कोसळू दे, पाणी थांबत नाही." झालं, आमच्या कलमाचं दुखणं मला तिथेच कळलं, वाघोलीत जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या बुंध्याशी डबकं असतं आणि आम्ही कौतुकाने वर अजून पाणी घालतो.

पण ही माती काही श्रीमंत नाही हां. आंबट आहे, सामू (म्हणजे pH) साधारण 5 ते 6.5, आणि स्फुरद (फॉस्फरस) घातलं तर लोखंड-ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात, झाडाला मिळतच नाही पटकन. म्हणून शेणखत, पालापाचोळा यावर भर. काजू मात्र असल्या जमिनीतही बिनतक्रार वाढतो, उतारावर त्याचीच गर्दी.

वाटेत चिरेखाण दिसली. जांभा जमिनीतून ताजा काढला की मऊ असतो, सहज कापता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. भावाचं अख्खं घर त्याच चिऱ्यांचं, बाहेरून गिलावा नाही काही नाही, मला तर ते आपल्या सोसायटीपेक्षा देखणं वाटलं.

सड्यावरून खाली येताना दर पाच मिनिटांनी शेती बदलत होती. उतारावरची वरकस जमीन, तिथे पावसाळ्यात नाचणी आणि वरी. त्याखाली भातखाचरं, भात कापून झालेलं आणि उरलेल्या ओलीवर कुळीथ-पावटा वर आलेला, एक थेंब पाणी न देता! खाडीच्या कडेला खार जमीन, तिथे बांध घालून भरतीचं पाणी अडवतात, पहिल्या पावसाने मीठ धुतलं की मग खारं सोसणारं भात लावतात.

आणि अगदी समुद्राला लागून पुळण, म्हणजे वाळू. मला वाटलं वाळूत काय येणार, तर तिथेच नारळ-सुपारीची आगरं. किनारा शे-दोनशे पावलांवर आणि विहिरीचं पाणी गोड. वर नारळ, खाली सावलीत सुपारी, तिच्यावर चढलेली मिरी, मधेच जायफळ, आणि पाटाने पाणी सोडलेलं. दुपारी तिथे तासभर नुसता बसलो, तोच चार दिवसांतला सगळ्यात भारी वेळ.

येताना डिक्कीत एक पोतं लाल माती. ते ताम्हिणीत कुठेतरी फाटलं, बायकोचं बोलणं चांदणी चौकापर्यंत पुरलं.

आईला सांगितलं, कलमाच्या बाजूने चर खण, पाणी बाहेर काढ, बुंध्याशी घालू नकोस. ती म्हणाली, "एवढं पेट्रोल जाळून हेच बघून आलास?" उरलेली लाल माती मात्र तिने गुपचूप गॅलरीतल्या अनंताच्या कुंडीत घातली, त्याची पानं कधीपासून पिवळी पडत होती. वाघोलीला चर अजून मीच खणायचाय.