ब्रिजची तार

मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, रात्री साडेनऊला फोन आला. मागे ऑर्गनवाला सूर लावत होता, कुणीतरी माइकवर "हॅलो, चेक" करत होतं.

"भाऊ, तुमची गिटार करंट मारून राहिली जी."

माझ्या तोंडात घास होता. पहिलं उत्तर निघालं ते दुकानदाराचं. "बास गिटारमध्ये करंट येणार कुठून? साधी बॅटरीबी नाही तिच्यात."

"मले ओठाले बसला. मागं पडलो मी."

ताट तसंच ठेवून उठलो.

माझा धंदा आधी सांगतो. पूर्व विदर्भात, वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाद्यं दुरुस्त करतो, त्यातून जुन्या गिटारी घेणं, नीट करणं आणि विकणं हे मागाहून सुरू झालं. आमच्याकडे ह्या धंद्याचा हंगाम धानावर चालतो. पऱ्हे टाकायच्या नि रोवणीच्या दिवसांत बियाणं, खत, मजुरी ह्यांना पैसे लागतात, तेव्हा पोरं गिटार घेऊन दारात येतात. दिवाळीनंतर मंडया लागतात, झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत. तेव्हा तीच पोरं, नाहीतर त्यांचे भाऊ, घ्यायला येतात. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड हे इथले नेहमीचे. बास गिटार अजून नवखी आहे, पण ऑर्केस्ट्रा आणि भीमगीतांच्या पार्ट्यांमुळे मागणी येते. घेणाऱ्याचं बजेट दहा-बारा हजारांचं. तेवढ्यात नवी घेतली तर तीही पुन्हा सेटिंगसाठी माझ्याकडेच येते, म्हणून लोक जुनी चांगली मागतात.

ही गिटार स्क्वायरची होती, प्रिसिजन बासच्या घडणीची. अमेरिकेच्या फेंडर कंपनीनं 1951 साली काढलेला तो मूळ नमुना, आणि स्क्वायर हा त्यांचाच स्वस्तातला ब्रँड. जूनमध्ये आरमोरीकडच्या एका गृहस्थांकडून सात हजारांना घेतली. मान पुढे वाकलेली, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, तार चार मिलिमीटर वर. वाजवणाऱ्याची बोटं नक्कीच दुखत असणार. मानेच्या आतल्या लोखंडी सळईला, ट्रस रॉडला, पाव वळसा दिला, रात्रभर ठेवली, सकाळी पुन्हा पाव वळसा. घाई केली की तो रॉड कायमचा जातो, आणि मग मान म्हणजे नुसती लाकडी फळी. 45 ते 105 जाडीच्या तारांचा नवा संच टाकला, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, सव्वादोन मिलिमीटरवर आणली. आवाजाचा पॉट, म्हणजे नॉबखालचा कंट्रोल, खरखरत होता, 250 के चा नवा बसवला. खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवली.

एक गोष्ट मात्र खटकली होती. ह्या बासचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, दोन तुकड्यांत असतो आणि दोन्ही तुकडे एकमेकांची गुणगुण मारतात. फेंडरनं 1957 मध्ये ती रचना आणली. तरी ही गिटार घूं करत होती, आणि तारांना हात लावला तरी आवाज हलत नव्हता. एरवी हात लावला की घूं दबते, कारण तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या जिथे अडकवलेल्या असतात त्या धातूच्या पट्टीतून, अर्थला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचं अंग मधे आडोसा होतं. प्लेट उघडली. ब्रिजकडून येणारी अर्थची तार पॉटपर्यंत पोचलीच नव्हती. मला वाटलं, तुटली असेल. पण टोकाला काळी टेप गुंडाळलेली, चांगले तीन वेढे, शेवट दाबून बसवलेला. तुटलेल्या तारेला कुणी टेप लावत नाही. हे मी पाहिलं, आणि मनात आलं ते एवढंच की कुणातरी अडाणी मेकॅनिकनं काम अर्धवट सोडलं. टेप काढली, तार सोलली, पॉटच्या पाठीला सोल्डर केली. घूं गेली. इतकी स्वच्छ गेली की बायकोला हाक मारून ऐकवलं. तिनं ऐकलं आणि भात खाली लागतोय म्हणून निघून गेली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ह्या पोरानं ती साडेबारा हजारांना नेली. सव्वादोन हजार लागले होते, म्हणजे मला तीन-सव्वातीन सुटले. चांगला सौदा.

गाव बारा किलोमीटर. नोव्हेंबरची थंडी, बांध्यांमधून धुकं उठलेलं, कापलेल्या धानाचा वास. गाडीच्या डिक्कीत मल्टिमीटर, टेस्टर, होल्डरमध्ये बसवलेला झिरोचा बल्ब आणि गिटार सरळ मिक्सरला जोडायचा एक डीआय बॉक्स घेतला होता. वाटेत मनात हिशेबच चालू होता: पोरगं पैसे परत मागेल, द्यायचे की नाही.

मंडपात पोचलो तेव्हा नाटक अजून सुरू व्हायचं होतं. वाद्यवाले मंचासमोर खाली, हिरव्या कारपेटवर. दव पडून कारपेट ओलं. पोरगा अनवाणी, कारण वाद्याजवळ चप्पल कोण नेतो? त्याच्या खालच्या ओठावर पांढरट डाग उठला होता. कोरस म्हणायला माइकजवळ गेला, हात तारांवर, ओठ माइकच्या जाळीला लागला, आणि मागच्या तबलजीच्या मांडीवर जाऊन पडला.

"काल दुसऱ्या मंडईत काहीच नाही झालं," तो म्हणाला. "आज गिटारच बिघडली वाटते."

काल नाही, आज हो. हे ऐकलं आणि पैसे परत द्यायचा विचार डोक्यातून गेला. गिटार अशी दिवस पाहून वागत नाही.

कुणालाही तारांना हात लावू दिला नाही. मीटरची एक सळई ब्रिजला, दुसरी माइकच्या जाळीला. आकडा दोनशेच्या वर. पण डिजिटल मीटर भुताचंही व्होल्टेज दाखवतो, कुठून तरी झिरपलेलं, ज्यात दम नसतो. दम आहे का ते पाहायला झिरोचा बल्ब त्याच दोन टोकांना लावला. मागे दहा-बारा पोरं जमली होती. बल्बची तार मंद, लालसर पेटली. बास गिटारच्या ब्रिजवर बल्ब पेटलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पंधरा वॅटच्या बल्बला एवढं पेटायलाही वीसेक मिलिअँपिअर लागतात, आणि माणसाच्या हाताची पकड सुटेनाशी व्हायला साधारण दहा पुरतात. पोरगा मागे फेकला गेला हे त्याचं नशीब. पकडला गेला असता तर...

मग लाइन शोधत गेलो. साउंडवाल्या मामांनी मिक्सरची लाइन शाळेच्या खोलीतून घेतली होती. तिथलं अर्थिंग शाबूत: फेज ते अर्थ 228, न्यूट्रल ते अर्थ 3. म्हणजे माइक अगदी नीट अर्थला होता. पोराचा बास ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, मात्र डेकोरेशनवाल्याच्या फोकसच्या बोर्डावर, आणि त्या ॲम्पच्या वायरीला टू-पिन. अर्थची तार नाहीच. मी पिन उलटी करून लावली, पुन्हा मोजलं. आकडा पार खाली आला, बल्ब विझला. पुन्हा सुलटी केली, बल्ब लाल. काल पिन एका बाजूनं बसली होती, आज दुसऱ्या.

"मग उलटीच ठेवा ना," मामा म्हणाले. नाटक सुरू व्हायची घाई त्यांना होती, ते समजण्यासारखं होतं. पण उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या बोर्डावर, अंधारात पिन कोण कशी लावेल?

त्या रात्रीपुरतं सोपं केलं. ॲम्प बंद करून मंचामागे ठेवून दिला. गिटार डीआय बॉक्समधून सरळ मिक्सरला दिली. आता तारा आणि माइक दोन्ही एकाच अर्थला, दोघांमध्ये शून्य. कारपेटवर लाकडी पाट टाकला, पोराला चप्पल घालायला लावली. चपलेचं त्याला अवघड गेलं. आधी गिटारच्या पाया पडला, मग घातली. दोन्ही टोकं मी माझ्या हातानं धरून दाखवली, तरी पहिल्या दोन गाण्यांत तो माइकपासून वीतभर लांब राहून गात होता.

मी पहाटेपर्यंत थांबलो. नाटक बरं होतं, खलनायक फारच चांगला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

सकाळी ॲम्प दुकानात उघडला. लोकल बनावटीचा, कुणीतरी जोडलेला. मेन्सची वायर आत येते तिथून एक कंडेन्सर थेट पत्र्याला सोल्डर केलेला. अंगावर छापलं होतं 474, म्हणजे 0.47 मायक्रोफॅरॅड. ॲम्प गुणगुणतो म्हणून कुण्या मेकॅनिकनं बसवला असणार. अर्थिंग नसलेल्या ठिकाणी ही जुनी युक्ती आहे, घूं खरंच कमी होते. पण पिन उलटीसुलटी झाली की तोच कंडेन्सर फेजच्या बाजूला येतो आणि अख्खा पत्रा जिवंत करतो. हिशेब केला: 50 हर्ट्झला असा कंडेन्सर तीस-पस्तीस मिलिअँपिअर सोडतो. बल्ब उगाच नव्हता पेटला. पत्र्यावरून जॅक, जॅकवरून वायर, वायरीवरून मी सोल्डर केलेली ती तार, आणि तिथून ब्रिज.

कंडेन्सर काढून टाकला. तीन तारांची वायर, थ्री-पिन, पत्र्याला पक्का अर्थ, नवा फ्यूज.

पोराला विचारलं, "हा ॲम्प घेतला कुठून?"

"आरमोरीकडून. तुमी गिटार घेतली ना, त्याच काकांकडून. जूनमधीच."

थोडा वेळ मी काहीच बोललो नाही. मग फोन लावला.

"काका, त्या गिटारची आतली तार तुटलेली होती..."

"तुटलेली नाई, कापली होती. मीच कापली. त्या ॲम्पवर लय झटके मारे जी. कापल्यावर चार वर्षं वाजवली, एकदाबी नाही बसला. घूं व्हायची, होऊ द्या म्हटलं." मग जरा थांबून, "तुमी कायले जोडली?"

ह्याला काय उत्तर देणार? मी जून महिन्यात त्यांच्या ओसरीत चहा पिऊन, मान वाकली म्हणून पाचशे कमी करून घेऊन, गिटार उचलून आणली होती. आत काही बदललंय का, हे विचारलं नाही. ॲम्पचं पोराला सांगितलं होतं का, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "त्यानं गिटार कुठं घेतली माझ्याकून? नुसता ॲम्प घेतला. नुसता ॲम्प हात लावला तर काय करते?" त्यांच्या बाजूनं ते बरोबरच बोलत होते.

पोरगा म्हणत होता, तार पुन्हा कापा. मी कापली नाही. तारेच्या वाटेत 220 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर 0.001 मायक्रोफॅरॅडचा, हजार व्होल्टचा कंडेन्सर बसवला. घूं दबलेलीच राहते, आणि उद्या कुठे पत्रा जिवंत झालाच तर तारांमधून जेमतेम एक मिलिअँपिअर येईल, नुसती मुंगी. दहा रुपयांचं सामान. नॉब आणि जॅकचं नट तरीही अर्थलाच राहतात, म्हणून हा इलाज अर्धाच. हे त्याला दोनदा सांगितलं. थ्री-पिन कापलेली दिसली तर गिटार उचलून घेऊन जाईन, असंही सांगितलं. त्याच्याकडून ॲम्पचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून विकायच्या प्रत्येक बासमध्ये तेवढं घालतो, आणि वहीत "आत काय बदललं, कोणी, कशासाठी" असं लिहून घेतो. लोक वैतागतात. एकानं तर, गिटार घेता का पंचनामा करता, असं विचारलं.

डिसेंबरात आरमोरीच्या काकांचाच फोन आला. धानाचा चुकारा हाती पडला होता, नाटकाचं बोलावणं आलं होतं, बास हवी होती. माझ्याकडे यामाहाची एक तयार होती, साडेअकराची. मी सांगितली, त्यांनी अकरा म्हटलं, आम्ही सव्वाअकराला आलो.

"उद्या येतो," ते म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, "भाऊ, हिच्या ब्रिजची तार जोडली आहे का?"